बॅरियाट्रिक ऑपरेशनच्या आधी घरात काय काय आणून ठेवू? (बजेट ५०००, प्लीज नीट वाचा)

तव्यावरची_पोळी:
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. वय ४३, उंची ५ फूट २, वजन ११८. डायबेटिस ९ वर्षं, बीपी आहे, गुडघ्यांचं तर विचारूच नका. पुढच्या महिन्यात ६ तारखेला स्लीव्ह (वजनासाठी पोट कापून लहान करतात ते) ठरलंय, नाशिकला. इन्शुरन्सचं सगळं झालंय, त्यावर चर्चा नको. "ऑपरेशन कशाला, चालायला जा" हेही नको, ते सासर-माहेर दोन्हीकडून ऐकून झालंय.
डाएटिशियनने कागद दिलाय, आधी दोन आठवडे पातळ, मग प्युरी, मग मऊ, असं करत दीड-दोन महिन्यांनी साधं जेवण. घरात सात माणसं आणि स्वयंपाक माझ्याकडेच. तर यासाठी छोटा ब्लेंडर घेऊ की मिक्सरचं चटणीचं भांडं पुरेल? प्रोटीन पावडर कुठली, जिचा वास येत नाही? पोटाचा पट्टा आधी घेऊन ठेवायचा का? आणि मिस्टर म्हणतायत रिक्लायनर घेऊ. भिशीचे ५००० बाजूला ठेवलेत, त्यातच सगळं बसवायचंय. सिन्नरला राहते, तेव्हा इथे मिळेल असंच सांगा.

खाऊन_पिऊन_सुखी:
डोळे झाकून रिक्लायनर घ्या. मिसेसचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही मोटरवाला घेतला, ३४ हजारांना, बटण दाबलं की पाय वर. पहिले आठ दिवस आडवं झोपून उठताना टाके ओढले जातात ना, तेव्हा त्याचं महत्त्व कळतं. स्वस्तातला घेऊ नका, रेक्झिन सोलतं.

तव्यावरची_पोळी:
पाच हजार हो दादा, पाच.

न्यूजर्सीचा_नाना:
इकडे कॉस्टकोत प्रीमियर प्रोटीनचे तयार शेक मिळतात, एका डब्यात ३० ग्रॅम प्रोटीन, कॅरॅमल फ्लेवर घ्या, बाकी फ्लेवर बेकार. बायकोने तीन महिने त्याच्यावर काढले. पावडर, ब्लेंडर, कसलीच कटकट नाही. कोणी येत असेल तर मागवून घ्या.

मनीम्याऊ:
नाना, सिन्नरला कॉस्टको उघडलं की कळवतोच आम्ही.
ताई, माझं स्लीव्ह २०२१ ला झालं, १०९ वरून ७१, सध्या ७४ ला अडकलेय (गेल्या वर्षी भावाच्या लग्नात वाढलेले जात नाहीयेत, असो). ब्लेंडर अजिबात घेऊ नकोस. मी घेतला होता १८०० चा, दोनदा वापरला. सुरुवातीला एका वेळी ३० मिलीच जातं गं, तेही अर्धा तास लावून घोट घोट. एवढंसं वरण कुठल्याच भांड्यात फिरत नाही, सगळं पात्याखाली जाऊन बसतं. सगळ्यांचं वरण शिजलं की फोडणी-तिखट घालायच्या आधी तुझं वाटीभर काढून घ्यायचं, रवीने घोटायचं आणि गाळणीतून घालवायचं. संपलं. उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेव, एक क्यूब म्हणजे एक जेवण.
पावडरचं मात्र ऐक. मी ऑपरेशनच्या आधी हौसेने दोन किलोचा चॉकलेट डबा आणला. आणि नंतर चवच बदलली, झाकण उघडलं तरी मळमळायचं. तो डबा मुलगा जिमला नेऊन संपवतोय. आधी सॅशे आण चार-पाच, बिनाफ्लेवरची व्हे मिळाली तर बघ, नंतर जे जाईल त्याचा डबा घे. आणि दुधाची पावडर आण. सायीशिवायच्या कपभर दुधात दोन चमचे ढवळलीस की पाचेक ग्रॅम प्रोटीन जास्तीचं मिळतं, वास नाही, काही नाही, किराणा दुकानात मिळते. दूध पचत नसेल तर अर्थात नको.

आजीचा_बटवा:
पावडरी-बिवडरी सगळं केमिकल. डाळीचं पाणी प्या, त्यात सगळं सत्त्व उतरतं. आमच्या आजीने बाळंतिणींना यावरच उभं केलं.

मनीम्याऊ:
बाळंतिणीला डिंकाचे लाडू पण होते ना हो मागाहून.

लॅबवाला_बाब्या:
डाळीच्या पाण्यात प्रोटीन नसल्यात जमा असतं, ते डाळीत राहतं. रोज ६० ते ८० ग्रॅम लागतं म्हणतात सगळे डॉक्टर, नुसत्या पाण्यावर कसं होणार. पाणी पहिल्या चार दिवसांपुरतं ठीक आहे, नंतर डाळ घोटूनच. आमच्या लॅबला अशी लोकं येतात, सहा महिन्यांनी बी-१२ तळाला, हिमोग्लोबिन ८, आणि सांगतात मला बरं वाटत होतं म्हणून गोळ्या बंद केल्या. गोळ्या जन्मभर असतात, वाण्याच्या बिलासारख्या. ते धरा बजेटमध्ये, ५००० एकदाचे आहेत, हे दर महिन्याचं आहे.

गोदाकाठ:
मी आधी दीक्षित केलं, दोन वेळा ५५ मिनिटांत जेवण, ११ किलो उतरलं. तुम्ही एकदा करून बघायला काय हरकत आहे.

सुगरण_पण_आळशी:
आणि नंतर १४ चढलं असेल. माझं चढलं. दर दोन तासांनी खाते त्यांचं बरं चाललंय, ऋजुता दिवेकर बरोबर सांगते.

गोदाकाठ:
माझं नाही चढलं. शिस्त नसेल तर कशानेच होत नाही.

पुणेरी_पाटी:
हे सगळं जुनं झालं. २०२५ मध्ये मार्चला मौंजारो आलं, जूनला वेगोव्ही, आठवड्याला एक सुई, भूकच मरते. पोट कापायचं कशाला? माझे साहेब १६ किलो उतरले.

मनीम्याऊ:
तुमच्या साहेबांचा पगार पण सांगा मग. आणि सुई बंद केली की काय होतं तेही त्यांनाच विचारा. ताईने वरच लिहिलंय ना हे नको म्हणून.

पुणेरी_पाटी:
मत मांडायचं नाही का? धागा सार्वजनिक आहे.

रंकाळ्यावरचा_वारा:
जरा मूळ मुद्द्यावर येऊया का. माझं पोटाचं बायपास झालंय (हृदयाचं न्हवं), स्लीव्ह न्हवं, २०१९ ला. १४२ होतो, आता ९६, लोकांना वाटतं अजून जाडच हाय पण शुगरच्या चारपैकी तीन गोळ्या गेल्यात. ताई, तुम्हाला आम्लपित्त, घशाशी येणं असं आहे का? असेल तर सर्जनला पुन्हा विचारा, कारण स्लीव्हमध्ये पोटाची बारीक नळी उरते, दाब वाढतो, काही जणांचं पित्त जास्तच उसळतं. मला त्याच्यासाठीच बायपास सांगितलं. एंडोस्कोपी झाली असेल तर तिचा रिपोर्ट आणि बायोप्सीचा कागद स्वतः वाचा. आमच्या गावच्या एकाचा एच. पायलोरी (पोटातला जंतू) पॉझिटिव्ह आला होता, फाइलीत तसाच पडून, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणाला तरी दिसला. मग घरी पाठवला.
खाण्याचं म्हणाल तर पहिले दिवस गोड गोड पाण्याने जीव विटतो, त्यावर आमच्याकडं अळणी हाय. मटण मीठ-हळदीत शिजवलं की वरचं पाणी गाळून घ्यायचं, तवंग काढून टाकायचा, कपात घेऊन बसायचं. डॉक्टर म्हणाले चालतंय. तांबडा-पांढरा पातेल्यात उकळत असताना मी अळणीचा कप धरून तासभर बसलेलो, डोळ्यांत पाणी आलं पण पोटात शांत. शाकाहारी असाल तर मुगाचं कढण गाळून.
आणि बासुंदी बायपासवाल्याने खाऊ नये. चौथ्या महिन्यात साखरपुड्यात दोन वाट्या, दोनच, आणि अर्ध्या तासात घाम, छाती धडधड, कार्यालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर आडवा. लोकांना वाटलं अटॅक. त्याला डंपिंग म्हणतात. स्लीव्हला कमी होतं पण होतं.

खाऊन_पिऊन_सुखी:
सतरंजीवर आडवं व्हायला लागलं म्हणजे बघा, रिक्लायनर पाहिजेच.

शिवणक्लास_वाल्या_काकू:
कपड्यांचं कुणीच बोललं नाही. मुली, सहा महिने एकही नवीन ब्लाऊज शिवू नकोस. आहेत तेच आत घेत जा. माझ्याकडे एक येते, तिने दोन महिन्यांत बारा ब्लाऊज शिवले, दिवाळीला सगळे झोळ. आधीच शिवायला टाकले असशील तर सांग टेलरला, टीप लांब घाल म्हणावं. आणि दंडाची कातडी लोंबते, बाही कोपरापर्यंत ठेव. माझं स्वतःचं काही ऑपरेशन नाही, पण मापं मी घेते ना सगळ्यांची.

घाबरट_ससा:
माझे केस गळले. तिसऱ्या महिन्यापासून सुरू, न्हाणीघराच्या जाळीवर रोज गोळा. सगळे म्हणाले येतात परत. आले, पण वर्ष लागलं आणि पूर्वीसारखे नाही आले असं मला वाटतं, नवरा म्हणतो तसेच आहेत. इन्शुरन्सचंही सांगते, कॅशलेस मंजूर म्हणाले तरी

तव्यावरची_पोळी:
ताई इन्शुरन्स नको.

घाबरट_ससा:
बरं. पण सांगितलं नाही म्हणू नका.
अजून एक, पोळीचं. पाचव्या आठवड्यात सगळे जेवत होते, मी एक तुकडा पोळीचा मोडला, गरम होती, तूप लावलेलं. नीट चावला नाही. छातीच्या मधोमध अडकला तो, खाली जाईना वर येईना, तोंडाला नुसता फेस येत होता चिकट, बेसिनपाशी पाऊण तास उभी. सासूबाई म्हणतायत पाणी पी, आणि पाण्याने अजून जोर. भाकरी दुधात कुस्करून चालली मला, पोळी सातव्या महिन्यापर्यंत नाही. सध्याही पाव नाही जात.

लॅबवाला_बाब्या:
जेवताना पाणी नाहीच प्यायचं, आधी-नंतर अर्धा तास सोडून. आणि ससाताई, असं उलट्यांचं दोन-तीन दिवस चालू राहिलं तर घरी बसायचं नसतं, थायमिन (बी-१ व्हिटॅमिन) उतरतं, पाय लटपटायला लागतात. ऑपरेशननंतर ताप, नाडी जोरात, खांद्यात किंवा पोटात वाढतं दुखणं असेल तरी रात्र असो की रविवार, सरळ हॉस्पिटल गाठायचं. गॅस आहे म्हणून ओवा खात बसू नका.

आजीचा_बटवा:
ओव्याने काहीही वाईट होत नाही.

मनीम्याऊ:
मी पण हेच लिहिणार होते (ओव्याचं नाही, पाण्याचं). शिवाय लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नकोस, दोन तासांचं अंतर. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको, मी वर्षभर सकाळच्या चहाबरोबर घेत होते आणि लोह वाढत का नाही म्हणून डॉक्टरांशी भांडत होते. शुगरच्या गोळ्या ऑपरेशननंतर जुन्या डोसने सुरू ठेवू नकोस, आधी विचार, माझी दुसऱ्याच दिवशी साखर उतरली होती. अंगदुखीला मेडिकलमधून परस्पर पेनकिलर नको. पट्टा हॉस्पिटल सांगेल तर घे, मला दुर्बिणीतून केलं तेव्हा नाही सांगितला.
आणि विकत काहीच घ्यायचं नाही म्हटलंस तर मुलाच्या बारशाची चांदीची वाटी आणि चमचा काढ कपाटातून. मस्करी नाही करत. मोठ्या ताटात वाढून घेतलं की हात सवयीने मोठा घास घेतो. त्या चमच्याने घ्यायलाच येत नाही जास्त. मी आजही डाळ त्याच वाटीत घेते, घरात सगळे हसतात.

सुगरण_पण_आळशी:
चांदी काळी पडते पण, अंड्याने तर लगेच. स्टीलची घे, ४० रुपये.

गोदाकाठ:
छोट्या वाटीत जेवून होणार असतं तर ऑपरेशनच कशाला लागलं असतं?

रंकाळ्यावरचा_वारा:
ह्यो प्रश्न सात वर्षं ऐकतोय. आधी छोट्या वाटीनंतर भूक र्‍हायची दादा, आता र्‍हात न्हाई. एवढाच फरक हाय, आणि तेवढ्यासाठीच पोट कापून घेतलंय. ताई, स्कोपीचं बघितलं का?

तव्यावरची_पोळी:
सगळ्यांचे आभार. उशिरा येतेय कारण इकडे बरंच झालं.
वारादादा, तुमच्यामुळे फाइल काढली. स्कोपी ठीक होती, पण बायोप्सीत एच. पायलोरी पॉझिटिव्ह. तो कागद माझ्याकडेच होता, डॉक्टरांच्या फाइलीत गेलाच नव्हता, मीच पिशवीत ठेवलेला. आता १४ दिवस अँटिबायोटिक, तोंडाला सतत लोखंडी चव. नंतर महिनाभराने परत तपासणार. म्हणजे तारीख दिवाळीनंतर. पित्ताचं पण बोलले, स्लीव्ह की बायपास ते तेव्हा ठरवू म्हणाले. घरात सगळे खूश, फराळ करायला मी आहे म्हणून. मिस्टर तर आत्तापासूनच "आता शेवटचंच खाऊन घे" म्हणून रोज काहीतरी आणतायत, काल जिलबी. त्यांना सांगितलं, ऑपरेशनआधी दोन आठवडे लिव्हर लहान व्हावं म्हणून कडक पथ्य आहे, तर म्हणे ते दोन आठवडे अजून लांब आहेत.
खरेदीचं. ब्लेंडर नाही, पट्टा नाही, रिक्लायनर अर्थातच नाही. सॅशे चार आणले, दुधाची पावडर आणली. बाकीचे सगळे पैसे पोळ्यांच्या मावशींना देणार, ऑपरेशन झालं की दीड महिना सकाळ-संध्याकाळ.

आजीचा_बटवा:
घरात सात माणसं असताना पोळ्यांना बाई? स्वतःवर खर्च करायचे होते ना भिशीचे.

तव्यावरची_पोळी:
स्वतःवरच केलेत. सकाळ-संध्याकाळ पंचवीस-पंचवीस पोळ्या मी भाजायच्या, तो वास घ्यायचा आणि मग ३० मिली कढण घेऊन बसायचं, हे मला झेपणार नाही, ससाताईंचा किस्सा वाचल्यावर तर नाहीच. सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. काल म्हणाल्या, मावशींना सांग माझ्या दोन पातळ कर म्हणून.

शिवणक्लास_वाल्या_काकू:
ब्लाऊज टाकलेत का शिवायला ते नाही सांगितलंस.

तव्यावरची_पोळी:
दोन टाकलेत काकू. दिवाळीचे. टीप लांब घालायला सांगते.

खाऊन_पिऊन_सुखी:
आमचा रिक्लायनर देतो १५ हजारांत. मिसेस आता पलंगावर झोपते, वडील त्यात बसतात ते उठत नाहीत. सिन्नरला टेम्पोने पाठवू. व्यनि करा.