गच्चीवरचा जुना एसी

ए-३०४: आज गच्चीवर जुना एसी उतरवताना मेकॅनिकने तांब्याची नळी कापली आणि सगळा गॅस फुस्सकन हवेत सोडला. नळीच्या तोंडाशी पांढरं हिम धरलं होतं. युनिटच्या पट्टीवर आर-२२ लिहिलंय. मी हटकलं तर म्हणाला, "थोडासाच तर आहे." ओझोनला भोक पाडणारा गॅस हाच ना?

बी-१०२: ते भोक बुजलं की आता. कुठेतरी वाचलं होतं.

सी-२०१: बुजलं नाही काका, हळूहळू भरतंय. अंटार्क्टिकावर १९८० सारखी स्थिती यायला साधारण २०६६ उजाडेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि ए-३०४, तुम्ही हटकलंत ते फार बरं केलंत. आर-२२ मध्ये क्लोरीन असतो. जुन्या फ्रिजमधल्या सीएफसी नावाच्या गॅसपेक्षा तो ओझोनला कमी मारक, पण मारकच.
हे गॅस इथे खाली लवकर मोडत नाहीत, पावसाने धुऊन जात नाहीत. म्हणूनच तर वर पोचतात. तिथे अतिनील किरणांनी क्लोरीन सुटा होतो, ओझोनचा एक ऑक्सिजन अणू ओढून घेतो, पुढे तो सोडून देतो आणि पुन्हा मोकळा! असा एकच अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडू शकतो. आता 'थोडासाच' म्हणजे किती, बघा. आणि वरचा सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला, तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटरचा. आपलं पांघरूण एवढंच आहे.

ए-३०४: पण एसी-फ्रिज तर जगभर. मग भोक अंटार्क्टिकावरच का?

सी-२०१: तिथल्या हिवाळ्यात वरची हवा उणे ७८ अंशांच्याही खाली जाते आणि बर्फाचे विरळ ढग धरतात. त्या कणांवर निपचित पडलेला क्लोरीन जागा होतो. सप्टेंबरमध्ये ऊन परतलं की काही आठवड्यांत ओझोन झपाट्याने घटतो. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ते १९८५ मध्ये जगापुढे मांडलं आणि दोनच वर्षांत असे गॅस आवरण्यासाठी देशादेशांत माँट्रियल करार झाला. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

बी-१०२: म्हणजे हा उकाडा त्या भोकामुळेच?

सी-२०१: नाही काका, ही गल्लत सगळ्यांचीच होते. उकाडा वाढतोय तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. ओझोन विरळ झाला की अतिनील किरणं जास्त येतात. त्यांनी मोतीबिंदू, त्वचेचा कर्करोग वाढतो, पिकं खुरटतात, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींना इजा होते. पण आर-२२ उष्णताही धरून ठेवतो, कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास १८०० पट. नव्या एसीतला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता तोही धरतो. तेव्हा कुठलाच सोडायचा नाही.

डी-४०१: ताई, आमचा जुना एसी रविवारी काढायचाय. मेकॅनिकला काय सांगू?

सी-२०१: एसी चालू होत असेल तर 'आधी पंप डाऊन कर' म्हणायचं, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये बंद होतो. भंगारात द्यायच्या आधी तो मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायला लावा.

डी-४०१: आमचा चालू आहे. आत्ताच फोन करून विचारते, मशीन आहे का त्याच्याकडे.