एसडीएफ लावूनही कीड थांबत नाही, जीआयसी सुटून येतं : नेमकं कुठे चुकतंय?

प्रश्न
लहान मुलांना आणि वृद्धांना भूल किंवा ड्रिल न वापरता ३८ टक्के एसडीएफ (सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, कीड थांबवणारं चांदीयुक्त औषध) लावतो आहोत. पुढच्या दुधाच्या दातांवरची कीड कडक होते. पण दोन दाढांच्या मधल्या कीडीत सहा महिन्यांनीही प्रोब (दात तपासायची बारीक सळई) रुततो. वृद्धांच्या दातांच्या मुळांवर भरलेलं जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) काही महिन्यांतच कडेनं सुटतं. लावण्यात चूक होते की दात निवडण्यात?

उत्तर १
दोन्हींत. आधी एक सांगतो, दात काळा झाला म्हणजे कीड थांबली असं धरू नका. चांदीमुळे रंग येतोच. बोथट प्रोब हलक्या हातानं फिरवा; पृष्ठभाग कडक, गुळगुळीत लागला तरच कीड थांबली म्हणा.

कीड कोरायची गरज नाही, पण वरचा मऊ थर आणि अडकलेलं अन्न निघायलाच हवं. ओठांना व्हॅसलिन, बाजूला कॉटन रोल, मग दात नीट कोरडा. ओला राहिला तर औषध लाळेत पातळ होतं, आणि बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. एक थेंब साधारण पाच दातांना पुरतो. लहान मुलाला एका भेटीत दर दहा किलो वजनामागे एकापेक्षा जास्त थेंब नको. मायक्रोब्रशवरचं जादा औषध डिशच्या कडेला टेकवून काढा, पूर्ण एक मिनिट कीडीवर चोळा, मग गॉजनं टिपा. दाढांच्या फटीत ब्रश शिरत नाही, तिथे सुपरफ्लॉसचा (दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याचा) फुगीर भाग ओढून घ्या, त्यावर औषध सोडा आणि एक मिनिट तसंच राहू द्या. सहा महिन्यांनी पुन्हा.

पालकांना काळ्या डागाबद्दल आधी दाखवून सांगा आणि संमती लेखी घ्या. कातडीवरचा डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातो, कीडीवरचा जात नाही.

उत्तर २
फटीतल्या कीडीत अन्न रोज साचत असेल तर नुसतं औषध किती पुरणार? माझ्या मते अशा दुधाच्या दाढेला हॉल पद्धतीनं स्टीलची कॅप बसवावी. कोरणं नाही, भूल नाही. दाढा घट्ट चिकटलेल्या असतील तर तीन ते पाच दिवस आधी सेपरेटर (दाढांमध्ये फट पाडणारं रबरी कडं) घाला. मापाची कॅप जीआयसीनं भरून बसवा आणि मुलाला चावायला लावा. मूल सरळ बसलेलं हवं आणि घशापुढे गॉज हवाच, कॅप निसटली तर थेट श्वासनलिकेत जाऊ शकते. चावा सुरुवातीला उंच लागतो, काही आठवड्यांत आपोआप बसतो.

रात्री आपसूक ठणका, हिरडीवर पुटकुळी, सूज असेल तर नस गेलेली समजा. तिथे एसडीएफही नको, कॅपही नको. तोंडात अल्सर असताना किंवा चांदीची ॲलर्जी असताना एसडीएफ टाळा.

उत्तर ३
मुळांवरच्या जीआयसीबद्दल. कडा कडक दातापर्यंत साफ करा. मऊ भाग ठेवायचाच तर फक्त तळाशी, नसेजवळ. कडेला मऊ राहिलं की सील तुटतं. १० टक्के पॉलिअ‍ॅक्रिलिक ॲसिड १०-१५ सेकंद, मग धुवा, टिपा, पण खडखडीत सुकवू नका. हातानं मिसळत असाल तर द्रवाची बाटली आधी आडवी धरा, मग उलटी, म्हणजे थेंबात हवेचा बुडबुडा येत नाही. चमक असेपर्यंतच भरा. चमक गेलेलं मिश्रण दाताला धरत नाही, टाकून द्या. व्हॅसलिन लावलेल्या बोटानं दाबा आणि तासभर खायला देऊ नका.

उथळ, ब्रश पोचेल अशा मुळांवर मात्र भरूच नका. एसडीएफ, ५ टक्के फ्लोराइड वॉर्निश दर तीन महिन्यांनी आणि ५००० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट. थुंकायचं, चूळ भरायची नाही. औषधांनी तोंड कोरडं पडत असेल तर वैद्यकीय डॉक्टरांशी बोला. जीआयसी असलेल्या तोंडात ॲसिडिक फ्लोराइड जेल वापरू नका, त्यानं जीआयसी झिजतं.

प्रश्नकर्ता
एसडीएफ आणि जीआयसी एकाच दिवशी चालतील का?

उत्तर ३
चालतील, पण काळेपणा वरच्या थरातून दिसतो. भेट दोनदा शक्य असेल तर दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. तोवर तळ कडक झालेला असतो, भरणंही सोपं जातं.