रत्नागिरीची गाडी आणि तिच्या पोटाखालचा गंज

शनिवार

ब-२०३ : सर्व सभासदांना सविनय नमस्कार. काल संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावरील विक्रेत्याकडे पाहिलेल्या एसयूव्हीची छायाचित्रे वर पाठवली आहेत. नोंदणी २०१२ ची, एमएच ०८ (रत्नागिरी), डिझेल, सात आसनी, एकच मालक. वरून गाडी उत्तम आहे. परंतु मागच्या चाकाजवळ वाकून मोबाईलचा दिवा धरला तेव्हा खालच्या लोखंडावर तांबूस थर दिसला आणि विक्रेत्याने ‘कोकणातल्या गाडीला एवढे असायचेच’ असे म्हणून विषय संपवला. सोमवारी टोकन द्यायचे आहे. हा गंज काळजीचा आहे की सोडून देण्याजोगा, हे जाणकारांनी सांगावे. पांढऱ्या गाडीचा विषय या निमित्ताने पुन्हा निघू नये, ही नम्र विनंती.

अ-१०१ : पांढऱ्या गाडीचा विषय कोणीही काढलेला नव्हता.

काका ३०४ : रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

वहिनी ५०२ : गंजाचा विषय निघालाच आहे, तर पार्किंगमधील १४ क्रमांकाच्या खांबाच्या उघड्या पडलेल्या सळ्यांची छायाचित्रेही सोबत जोडत आहे.

सचिव : वहिनी, तो विषय मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलेला आहे.

वहिनी ५०२ : तो गेल्या दिवाळीपासून विषयपत्रिकेवरच आहे, याची नोंद असावी.

क-६०१ : माझ्या मते तेरा-चौदा वर्षांच्या गाडीला गंज असणारच. त्यापेक्षा इंजिन, टर्बो, क्लच आणि सर्व्हिसची नोंदवही यांकडे लक्ष द्यावे. खालचा भाग कोण पाहतो?

काका ३०४ : खालचा भाग कोण पाहतो, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. एस.टी.च्या रत्नागिरी विभागीय कार्यशाळेत माझी नोकरी झाली, त्यामुळे समुद्राकाठच्या लोखंडाचे काय होते हे मला कोणाकडून ऐकावे लागलेले नाही. गंजाचा रंग पाहू नये, लोखंडाची जाडी पाहावी. सायलेन्सर, अॅक्सलचे (चाकांच्या आसाचे) आवरण, नटबोल्ट हे तांबडे असले तरी त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तारेचा ब्रश मारल्यावर तांबडी पूड निघून खाली घट्ट लोखंड लागले, तर तो वरवरचा गंज. परंतु जेथे लोखंड फुगले आहे आणि नखाने उचलता येतील असे पोपडे सुटत आहेत, तेथे मूळ पत्रा आधीच खाल्ला गेलेला असतो, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते आणि त्या फुगवट्यावरूनच आत किती लोखंड संपले याचा अंदाज येतो.

क-६०१ : काका, माहितीबद्दल आभार. पण हे सर्व जुन्या ट्रकांना लागू होते. हल्लीच्या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते.

काका ३०४ : डस्टर किंवा एक्सयूव्ही ५०० यांना नसते, हे बरोबर आहे. स्कॉर्पिओ, बोलेरो, फॉर्च्युनर आणि जुन्या सफारीला शिडीसारखी स्वतंत्र चासी असते, आणि छायाचित्रात दिसते ती गाडी त्याच जातीची आहे. अशा चासीच्या दोन्ही लांब तुळया आतून पोकळ असतात. चिखल आणि खारे पाणी छिद्रांतून आत जाते, निचऱ्याची भोके बुजली की तेथेच साचते, आणि तुळई आतून सडत असताना बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो. म्हणून लहान हातोडीने तुळईभर ठोकत जावे. धड लोखंड खणखणते. पातळ झालेल्या जागी आवाज बद्द येतो. शंका आली तेथे स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. मागच्या अॅक्सलवरून चासी जेथे वर उचललेली असते ते वळण, दोन तुळया जोडणाऱ्या आडव्या क्रॉस मेंबरचे सांधे, स्प्रिंग आणि शॉकअपच्या बैठका, आणि ज्या रबरांवर बॉडी टेकलेली असते त्यांच्या वाट्या, या जागा सोडून चालत नाही. पाहणी करताना रॅम्प हवाच. रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

अ-१०१ : रॅम्पचा मुद्दा सर्वांच्या ध्यानात आला आहे, काका.

ताई ७०३ : आमचा मुलगा मिशिगनमध्ये आहे. तेथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात आणि गाड्या खालून अक्षरशः गळून पडतात. टोयोटाच्या टकोमा, टंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या चासी गंजण्यावरून तेथे मोठा दावा झाला होता आणि २०१६ मध्ये कंपनीने तडजोड केली. त्यात चासीची तपासणी आणि गरज असल्यास चासी बदलून देणे मान्य केले होते. तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

अ-१०१ : ठाण्यात अद्याप बर्फ पडलेला नाही, ताई. पडल्यास सचिवसाहेब परिपत्रक काढतीलच.

ताई ७०३ : मीठ रस्त्यावर टाकलेले असो की समुद्राच्या वाऱ्याने आणलेले असो, पत्र्याला दोन्ही सारखेच. मिठाचा थर हवेतील ओल धरून ठेवतो, त्यामुळे पाऊस नसतानाही गंजण्याचे काम चालूच राहते. मी रसायनशास्त्र शिकवले आहे, हे आपण विसरलात.

ब-२०३ : विक्रेता म्हणतो की मालक मुंबईत असतात आणि गाडी केवळ गणपतीत व मे महिन्यात चालवली जाई. एरवी ती किनाऱ्यालगतच्या घराच्या अंगणात उभी असे. म्हणजे वापर कमीच झाला आहे, नाही का?

काका ३०४ : किलोमीटर कमी झाले, खारा वारा कमी झाला नाही. उघड्यावर उभ्या गाडीखालची जमीन पावसाळाभर ओली असते आणि चासीवर बसलेला मिठाचा थर धुण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. त्यात पाहुण्यांनी पुळणीवर गाडी फिरवली असेल तर विचारूच नका. ओली वाळू चासीच्या पोकळीत शिरते आणि मुक्कामालाच राहते.

क-६०१ : खालून धुण्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या गाड्याही वर्षातून दोनदा कोकणात जाऊन येतात. परत आल्यावर पाइपने खालून स्वच्छ धुवाव्यात, तर कार्यकारिणीने पार्किंगमध्ये पाइप वापरण्यास बंदी घातलेली आहे. बादली आणि फडक्याने चासी कशी धुवावी, याचे प्रात्यक्षिक समितीने द्यावे.

खजिनदार : मे महिन्यातील टँकरची बिले कार्यालयात पाहण्यास ठेवलेली आहेत. ती पाहिल्यानंतर आपण हाच प्रश्न विचाराल असे वाटत नाही. बाहेर धुलाई केंद्रे आहेत.

क-६०१ : बाहेरच्या केंद्रात जाण्याचे पैसे आहेत, प्रश्न नियम सर्वांना सारखा आहे का, हा आहे. मागच्या रविवारी अ विंगखाली कोणाची गाडी पाइपने धुतली जात होती, हे मी येथे लिहीत नाही.

सचिव : कृपया मूळ विषयावर यावे.

अ-४०३ : एमएच ०८ मध्ये चिपळूणही येते. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही गाडी तेथे नव्हती, याची खात्री केली आहे का?

काका ३०४ : चांगला प्रश्न. पुरात बुडालेल्या गाडीला गंज खालूनच नव्हे, आतूनही येतो. आसनांचे बोल्ट आणि सरकपट्ट्या गंजलेल्या आहेत का ते पाहावे, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, आणि पायाखालचे कार्पेट उचलावे. विम्याच्या दाव्यांची माहिती लेखी मागावी.

वहिनी ५०२ : खांब क्रमांक १४ ची छायाचित्रे पुन्हा पाठवत आहे. पोपडे सुटले म्हणजे आतले लोखंड संपत आले, असे आताच कोणीतरी लिहिले आहे.

ब-२०३ : एक आनंदाची बातमी. विक्रेत्याचा आत्ताच फोन आला होता. गंजाबद्दल माझी शंका दूर व्हावी म्हणून तो उद्या सकाळी संपूर्ण खालच्या भागाला काळे अँटी-रस्ट कोटिंग मोफत करून देणार आहे.

खजिनदार : अभिनंदन. विक्रेता सज्जन दिसतो.

काका ३०४ : त्याला ताबडतोब फोन करून थांबवा. गंज साफ न करता वरून डांबरासारखा थर फासला की ओल आत कोंडली जाते, गंज आतल्या आत वाढत राहतो आणि तपासणाऱ्याला काहीही दिसत नाही. विकण्याच्या आदल्या दिवशी खालून काळी कुळकुळीत केलेल्या गाडीपेक्षा प्रामाणिकपणे तांबडी दिसणारी गाडी मी केव्हाही पसंत करीन. कोटिंग वाईट नसते. ते नव्या किंवा नीट साफ केलेल्या लोखंडावर करायचे असते.

क-६०१ : प्रत्येक विक्रेत्याला चोर समजणे योग्य नाही, काका. कंपनीच्या अधिकृत केंद्रातही असेच कोटिंग विकतात.

काका ३०४ : मी चोर हा शब्द कोठेही वापरलेला नाही. पुन्हा वाचावे.

ब-२०३ : फोन केला होता. कोटिंग करणारा माणूस आजच येऊन गेला, असे तो म्हणतो.

अ-१०१ : तत्परता वाखाणण्याजोगी आहे.

काका ३०४ : उद्या सकाळी दहा वाजता मी स्वतः येतो. विक्रेत्याच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये रॅम्पची वेळ घ्या. रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये.

रविवार

ब-२०३ : काकांसोबत जाऊन आलो. सर्वांनी रस घेतला होता म्हणून वृत्तांत देतो. गाडी रॅम्पवर घेतली तेव्हा खालून सर्वत्र काळा थर होता, तो हाताला चिकटत होता, आणि लावू नये तेथेही, म्हणजे सायलेन्सरवर आणि रबराच्या नळ्यांवरही, फासलेला होता. काकांनी पुढून ठोकत येण्यास सुरुवात केली. पुढचा भाग चांगला निघाला. डाव्या तुळईवर मागच्या अॅक्सलच्या वरच्या वळणाशी आवाज एकदम बदलला. तेथील थर खरवडल्यावर तळहाताएवढा वेल्डिंगचा पॅच दिसला, आणि पॅचच्या कडेला स्क्रूड्रायव्हर दाबताच तो आत गेला. मागच्या ब्रेकचा लोखंडी पाइप क्लिपांपाशी फुगलेला होता. डिझेलच्या टाकीचा एक पट्टा अर्धा उरला होता. मधले दरवाजे खालून कापडात गुंडाळलेल्या चुंबकाने तपासले, तर दोन ठिकाणी चुंबक धरलाच नाही. तेथे पुट्टी आहे.

ताई ७०३ : देव पावला.

ब-२०३ : विक्रेत्याने तेथल्या तेथे साठ हजार रुपये कमी करण्याची तयारी दाखवली आहे. तेवढ्यात ब्रेकचा पाइप, पट्टा आणि वेल्डिंग भागून पैसे उरतील, असे गॅरेजवाल्याच्या मुलाचे म्हणणे आहे. घरातही दोन मते आहेत.

क-६०१ : साठ हजार म्हणजे चांगली सवलत आहे. इंजिन उत्तम असेल तर घ्यावी.

काका ३०४ : ब्रेकचा पाइप आणि टाकीचा पट्टा बदलता येतो, त्यासाठी मी गाडी नाकारली नसती. दरवाजाचा पत्राही डेंटर कापून नवा लावतो. परंतु चासीच्या वळणावर, जेथे मागच्या चाकांचा सगळा दणका येतो, तेथे एकदा पॅच मारलेला आहे आणि त्या पॅचच्या भोवतीचा पत्राही आता उरलेला नाही. म्हणजे नवे वेल्डिंग धरायला धड लोखंड लागेपर्यंत किती कापावे लागेल, हे कापायला घेतल्यावरच कळणार. चासी बदलायची म्हटली तर चासीचा क्रमांक बदलतो आणि आरटीओची परवानगी व नोंद ओघाने आली. शिवाय २०२७ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाली की फेरनोंदणीसाठी गाडी तपासणीला न्यावी लागेल. फेरनोंदणीचे नुसते शुल्कच २०२२ पासून ६०० चे ५,००० झाले आहे आणि वर पर्यावरण कर निराळा. साठ हजारांत यांतले काय काय बसते, ते क-६०१ यांनी मांडून दाखवावे.

क-६०१ : मी केवळ एक बाजू मांडली होती.

वहिनी ५०२ : काकांनी परत येताना आमच्या विनंतीवरून त्याच हातोडीने १४ क्रमांकाचा खांबही ठोकून पाहिला. आवाज कसा आला, हे त्यांनी सचिवसाहेबांना समक्ष सांगितले आहे.

सचिव : स्ट्रक्चरल ऑडिटसाठी तीन दरपत्रके मागवण्याचे पत्र उद्या काढत आहे. ग्रुपवर अधिक चर्चा नको.

ब-२०३ : घरच्यांशी बोलून नकार कळवला आहे. नाशिकची, एमएच १५, २०१४ ची एक गाडी पाहण्यात आली आहे. सायलेन्सर आणि नटबोल्ट तांबडे आहेत, कोटिंग केलेले नाही, आणि मालक स्वतःहून रॅम्पवर दाखवण्यास तयार आहेत. काका, बुधवारी सकाळी आपल्याला जमेल का?

काका ३०४ : बुधवारी दातांच्या डॉक्टरांची वेळ आहे. गुरुवारी जमेल. मालकाला तोपर्यंत गाडी धुऊ नका, असे सांगून ठेवा.

अ-१०१ : पहिल्या गाडीच्या विक्रेत्याचा क्रमांक कृपया मला वैयक्तिक पाठवावा. मेव्हण्याला त्याच मॉडेलचे इंजिन सुट्या भागांसाठी हवे आहे.