मदत हवी आहे: दिवेलागणीला बेचैन होणाऱ्या आईसाठी

नमस्कार मंडळी. आईला अल्झायमर आहे, वय ७८. दिवसभर बरी असते, पण दिवेलागणीला कासावीस होते, "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी जाते. डॉक्टरांची औषधं चालू आहेत, ती बदलायची नाहीत.

मोगऱ्याची फुलं ओंजळीत दिली किंवा जात्यावरच्या ओव्या लावल्या की ती निवते, स्वतःही गुणगुणते. वासाचे संदेश मेंदूतल्या थॅलॅमस या मधल्या टप्प्यावर न थांबता थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे भावना आणि आठवणींच्या भागांकडे जातात. ओळखीची गाणीही या आजारात बराच काळ टिकतात, असं वाचलंय. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. उलट टीव्ही, मिक्सर आणि पाहुण्यांच्या गप्पा एकदम सुरू झाल्या की फार त्रास होतो तिला.

तुमच्या घरी कोणाला सकाळी उन्हात बसवणं, तळपायाला तेल चोळणं, अंधार पडायच्या आधीच दिवे लावणं, यातल्या कशाचा उपयोग झाला का? आणि समोरच्याला आता हे पुरे झालं, हे कशावरून ओळखता? आईला धड सांगता येत नाही. पुण्यात घरी येणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) माहीत असतील तर कृपया मेसेज करा.