२२ ग्रॅम प्रोपेनची ज्वलन उष्णता: १०२२ की १११० किलोज्यूल?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, थर्मोकेमिस्ट्रीचं एक गणित अडलंय. २२ ग्रॅम प्रोपेन २५ अंश सेल्सिअसला भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळला तर किती उष्णता बाहेर पडेल? समीकरण बॅलन्स केलं, १ प्रोपेनला ५ ऑक्सिजन, त्यातून ३ कार्बन डायऑक्साइड आणि ४ पाणी. फॉर्मेशन एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ तयार होताना होणारा उष्णतेचा बदल) घेतल्या कार्बन डायऑक्साइड उणे ३९३.५, पाणी उणे २४१.८, प्रोपेन उणे १०३.८ किलोज्यूल प्रति मोल, ऑक्सिजन शून्य. प्रोपेनचा एक मोल ४४ ग्रॅमचा, म्हणजे इथे अर्धा मोल आहे म्हणून उत्तर १०२२ येतंय पण पुस्तकात मागे १११० दिलंय. बंध ऊर्जा (अणूंमधला बंध तोडायला लागणारी ऊर्जा) वापरून केलं तर १००५ येतं, ते तर माझ्याच उत्तराच्या जवळ आहे ना? मग पुस्तकातलं चुकलंय का?

प्रतिसाद १:
पुस्तकातलं बरोबर आहे आणि तुझी आकडेमोडही बरोबर आहे, फरक फक्त पाण्याच्या अवस्थेचा. उणे २४१.८ ही वाफेची किंमत, द्रव पाण्याची उणे २८५.८. प्रमाण ज्वलन एन्थाल्पी म्हटलं की सगळे पदार्थ २५ अंशाला त्यांच्या स्थिर अवस्थेत धरतात, म्हणजे पाणी द्रव. एका मोलमागे ४४ चा फरक पडतो, तुझ्याकडे २ मोल पाणी तयार होतंय, म्हणजे ८८, आणि १०२२ अधिक ८८ किती ते बघ. अजून एक, डेल्टा एच (एन्थाल्पीतला बदल) उणे येतो पण "किती उष्णता बाहेर पडली" असं विचारलं की उत्तर धनच लिहायचं, तिथे मार्क उगाच जातात.

प्रतिसाद २:
बंध ऊर्जेचं उत्तर जवळ आलं म्हणून वाफेचं खरं असं नाही हं. बंध ऊर्जा वायू अवस्थेतल्या असतात, त्यात पाणी आपोआप वाफच धरलं जातं, शिवाय त्या बऱ्याच रेणूंच्या सरासरी किमती असतात त्यामुळे अंदाजच मिळतो. आणि कार्बन ऑक्सिजन दुहेरी बंधाला तू ७९९ घेतलेलं दिसतंय, ते अगदी योग्य, कारण तक्त्यात ७४५ पण असतं पण ते कार्बन डायऑक्साइडसाठी नाही, ते घेतलं असतंस तर उत्तर ८४३ वर आलं असतं.
वाफेचा आकडा निरुपयोगी आहे असं मात्र कोणी समजू नये, इंजिनातून पाणी वाफ होऊनच बाहेर जातं, तिथे कमी आकडाच कामाचा. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये ती वाफ थंड करून हीच जास्तीची उष्णता काढून घेतात.

प्रश्नकर्ता:
आत्ता कळलं, आभारी आहे! याच गणिताच्या पुढच्या भागात ऑक्सिजन ६४ ग्रॅमच दिलाय, तेव्हा काय करायचं?

प्रतिसाद १:
६४ ग्रॅम म्हणजे २ मोल, आणि अर्ध्या मोल प्रोपेनला अडीच लागतो, म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार. २ भागिले ५ म्हणजे ०.४ मोल प्रोपेन जळेल, गुणिले २२२० (अर्ध्या मोलला १११०, म्हणून एका मोलला दुप्पट), उत्तर ८८८ किलोज्यूल.

प्रतिसाद २:
हो, पण "जेवढं जळेल तेवढं पूर्ण जळेल" असं प्रश्नात गृहीत धरलंय का ते वाच. खऱ्या ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला की काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी मोनॉक्साइडवर थांबलेल्या दर मोल कार्बनमागे २८३ किलोज्यूल बाहेर पडायचे राहून जातात.