वनखात्यातल्या मोठ्या पदासाठी फॉरेस्ट्रीचीच डिग्री लागते का? (मदत हवी आहे)

रामबागची_आई:
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. लेक यंदा बी.एस्सी. झाली, विषय बायोटेक्नॉलॉजी, केमिस्ट्री आणि झूलॉजी. तिला वनखात्यात जायचंय. नुसती नोकरी नको, डीएफओ (वनमंडलाचा, म्हणजे जंगलाच्या एका विभागाचा अधिकारी), पुढे सीसीएफ (मुख्य वनसंरक्षक), म्हणजे जंगलाचे निर्णय जिथे होतात तिथपर्यंत. कॉलेजात असताना चोरल आणि रालामंडलला पक्षी-फुलपाखरांच्या नोंदी करायला जायची, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

भंवरकुव्याच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. ते म्हणाले, बायोटेकवाल्यांना वनसेवेचा फॉर्मच भरता येत नाही, आधी फॉरेस्ट्रीत एम.एस्सी. करा. माझे दीर म्हणतात, भोपाळच्या आयआयएफएम या वन व्यवस्थापनाच्या संस्थेतून एमबीए कर, तिथून थेट वरच्या पदावर घेतात. दोघांचंही ऐकायचं तर दोन वर्षं आणि बराच पैसा जाणार. म्हणून इथे विचारते:

ती आत्ता पात्र आहे की नाही? सीसीएफसारख्या पदांची जाहिरात कुठे निघते? यूपीएससी (केंद्राची, भारतीय वनसेवेची परीक्षा घेणारी) आणि आपली एमपीपीएससी (मध्य प्रदेशची) यांत फरक काय? आणि तिची उंची १५२ सेंमी आहे, त्यावरून अडेल का? घरात रोज यावरून वाद चाललाय, जाणकारांनी कृपया लिहावं.

सागवान:
ताई, वनमंडलाच्या ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो, कारण मूळ घोळ तिथेच आहे. सीसीएफ, त्यावरचे एपीसीसीएफ (अतिरिक्त प्रधान मुख्य वनसंरक्षक) आणि सगळ्यात वरचे पीसीसीएफ (प्रधान मुख्य वनसंरक्षक) या पदांची जाहिरात निघतच नाही. तिथे बाहेरून कोणी येत नाही. खाली सेवेत शिरायचं आणि वर्षं मोजत वर जायचं. त्यामुळे 'मोठ्या पदाची पात्रता' म्हणजे पदवी कमी आणि नोकरीतली वर्षं जास्त.

भारतीय वनसेवेत केंद्राच्या नियमांप्रमाणे साधारण असं असतं: ४ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, आणि डीएफओ म्हणून वनमंडल हाती येतं ते याच सुमारास. १४ वर्षांनी वनसंरक्षक, १८ वर्षांनी मुख्य वनसंरक्षक म्हणजे सीसीएफ, २५ वर्षांनी एपीसीसीएफ, ३० वर्षांनी पीसीसीएफ. ही किमान वर्षं. पद रिकामं हवं, गोपनीय अहवाल चांगले हवेत.

आता हिशेब करा. परीक्षेची वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३२, निवृत्ती ६०. जो ३२व्या वर्षी लागला त्याची ३० वर्षं ६२ला भरतात, म्हणजे पीसीसीएफची खुर्ची त्याला नियमानेच मिळत नाही. २४-२५ला लागणाऱ्याला मिळू शकते. म्हणून विचारतो, एम.एस्सी.त दोन वर्षं घालवायची कशासाठी? आवड म्हणून करायची तर जरूर करा, पण पात्रतेसाठी नको. फॉरेस्ट्री नंतर सरकारच शिकवतं, देहरादूनच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वन अकादमीत.

आयआयएफएम उत्तम संस्था आहे, माझा भाचा तिथलाच. पण तिथली मुलं कंपन्यांत, एनजीओंत, प्रकल्पांवर जातात. आयआयएफएमच्या पदवीवर कोणी डीएफओ होत नाही. दिरांना माझा नमस्कार सांगा.

घाटबिल्लोद:
मी मेन्सपर्यंत (वनसेवेच्या मुख्य परीक्षेपर्यंत) गेलेलो आहे, तेव्हा पात्रतेचं मी लिहितो. क्लासवाल्यांनी अर्धवट सांगितलंय. वनसेवेसाठी पदवीत यातला किमान एक विषय लागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र. नाहीतर कृषी, फॉरेस्ट्री किंवा इंजिनिअरिंगची पदवी. बायोटेक या यादीत नाही हे खरं. पण तुमच्या मुलीच्या मार्कशीटवर केमिस्ट्री आणि झूलॉजी दोन्ही आहेत, आणि पुरतो एकच. ती पात्र आहे. अडचण बी.कॉम., बी.ए.वाल्यांची होते, बी.ए.ला गणित किंवा संख्याशास्त्र घेतलेला मात्र चालतो.

पूर्वपरीक्षा २०१३पासून सिव्हिल सर्व्हिसेसबरोबरच होते. फॉर्म भरताना वनसेवेचा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर पेपर कितीही चांगला गेला तरी त्या यादीत नाव येणार नाही. जागा मोजक्याच असतात, म्हणून पूर्वचा कटऑफ बहुधा आयएएसपेक्षा वर असतो. मेन्स वेगळी, १४०० गुणांची: इंग्रजी ३००, सामान्य ज्ञान ३००, दोन ऐच्छिक विषयांचे २००-२००चे चार पेपर. मुलाखत ३००. सगळं इंग्रजीतच लिहायचं, हिंदी-मराठी माध्यम नाही, आणि इंग्रजीचे गुण यादीत धरले जातात. आपल्याकडची हुशार मुलं इथेच मागे पडतात, तेव्हा तयारी इंग्रजीपासून सुरू करा.

ऐच्छिकला झूलॉजी घेतली तर दुसरा विषय फॉरेस्ट्री घेता येतो, त्यासाठी फॉरेस्ट्रीची पदवी लागत नाही. फक्त काही जोड्या चालत नाहीत, जसं कृषी आणि फॉरेस्ट्री, किंवा गणित आणि संख्याशास्त्र.

उंची मुलींना १५० सेंमी, अनुसूचित जमातींना १४५. १५२ म्हणजे चिंता नाही. चालण्याची परीक्षा मात्र आहे: मुलींना ४ तासांत १४ किमी, मुलांना २५. रोज सकाळी फिरायची सवय लावा, तेवढं पुरतं.

सागवान:
एमपीपीएससीचं राहिलंच. ती इंदूरलाच आहे, तुमच्या दारात. राज्य वनसेवेतून सहायक वनसंरक्षक आणि रेंजर भरतात. मुलगी घरापासून फार लांब जाणार नाही, हिंदीतून परीक्षा देता येते, हे सगळं ठीक. पण वरचं दार तिथून अरुंद आहे. भारतीय वनसेवेच्या वरिष्ठ पदांपैकी जास्तीत जास्त एक तृतीयांश जागा राज्य वनसेवेतून बढतीने भरतात, आणि त्यासाठी किमान ८ वर्षांची सेवा लागते. ८ हा कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात लोक बरीच जास्त वाट पाहताना मी बघितलेत. मी ज्या सहायक वनसंरक्षकांच्या हाताखाली होतो त्यांतले फारच थोडे सीसीएफ झाले, आणि कामाला ते कुणापेक्षा कमी नव्हते. दोन्ही परीक्षा द्यायला हरकत नाही, पण पहिली पसंती कुठली ते ठरवून द्या. एमपीपीएससीच्या जाहिरातीतली विषयांची यादी वेगळी वाचायची, यूपीएससीची तिथे लावू नका.

रामबागची_आई:
दोघांचेही मनापासून आभार. क्लासची फी अजून भरली नव्हती, बरं झालं. एक शंका: यूपीएससीतून लागली तर मध्य प्रदेशातच राहील ना? तिच्या बाबांना तेवढीच काळजी आहे.

घाटबिल्लोद:
नाही काकू, त्याची खात्री नाही. आपलं राज्य हवं अशी इच्छा नोंदवता येते, पण केडर (नेमणुकीचं राज्य) मिळतं ते रँक, रिकाम्या जागा आणि आरक्षण बघून. अरुणाचलही मिळू शकतं. बाबांना हे आत्ताच सांगून ठेवा, निकाल लागल्यावर नको.