थंडीच्या आधी ठरवायच्या गोष्टी (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. थंडीला अजून वेळ आहे पण मागच्या वेळी आपले बरेच ज्येष्ठ एकदमच आजारी पडले आणि सगळी धावपळ ऐनवेळी झाली. यंदा आधीपासून काही करता येईल का? बी-२०३ ताई, तुम्ही हॉस्पिटलमध्येच असता, जरा सांगा ना.

बी-२०३ ताई: सांगते, मेसेज लांब होईल. थंडीत फ्लू, न्यूमोनिया, वाढलेला दमा, पडून मोडलेलं खुब्याचं हाड, असे पेशंट वाढतात हे सगळ्यांना माहितीये. पण हॉस्पिटल तुंबतं ते फक्त येणाऱ्यांमुळे नाही, बरे झालेले घरी जाऊ शकत नाहीत म्हणूनही. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिलेला असतो आणि आजोबा तसेच बेडवर, कारण घरी बघायला कोणी नाही, केअरटेकर मिळत नाहीये, वॉकर आणलेला नाही, मुलगी शनिवारी येणार. तो बेड अडला की कॅज्युअल्टीतला पेशंट वॉर्डात जात नाही, आणि तिथली जागा रिकामी होत नाही म्हणून अँब्युलन्स दारात पेशंट घेऊन उभी. साधारण ८५ टक्क्यांच्या वर बेड भरले की अचानक आलेल्याला जागा करणं कठीण होत जातं, थंडीत आम्ही बहुतेक त्याच्या वरच असतो.

सी-५०१ काका: पण हे प्रशासनाने बघायचं ना? बेड वाढवा, स्टाफ वाढवा.

बी-२०३ ताई: वाढवायलाच हवेत काका, त्यासाठी मी पण भांडते. पण बेड आणता येतो, शिकलेली नर्स महिन्याभरात तयार होत नाही, आणि नेमकं त्याच दिवसांत आमचा स्टाफ आणि घरोघरी जाणाऱ्या केअरटेकर बायकाही तापाने पडलेल्या असतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला बेडवर पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. २००७ साली एक अभ्यास छापून आला होता, धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस बेडवर ठेवलं तर पायांचे स्नायू जवळजवळ १ किलोने घटले. ते तर आजारी पण नव्हते! स्वतःच्या पायाने आलेली माणसं व्हीलचेअरवर घरी जातात ना, ते बघून फार वाईट वाटतं मला.

ए-१०२ वहिनी: आमच्या सासूबाईंचं अगदी हेच झालं. मग आपण नेमकं काय करायचं?

बी-२०३ ताई: घरात वयस्कर कोणी असेल तर आजच बसून ठरवा की ऍडमिट व्हावं लागलं तर घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस कोण बघणार. रात्री कोण, बाथरूमला कोण नेणार. बाथरूममध्ये धरायचा दांडा आत्ताच बसवून घ्या. गोळ्यांची, डोसची, ॲलर्जीची चिठ्ठी चटकन सापडेल अशी ठेवा, इनहेलर संपेपर्यंत थांबू नका. आणि फ्लूची लस आत्ता घ्या, कारण ती घेतल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात.

डी-४०४ दादा: लस घेऊनही मला गेल्या वर्षी ताप आलाच होता, मग काय उपयोग?

बी-२०३ ताई: येऊ शकतो. पण आजार वाढून आयसीयूत जायची शक्यता कमी होते, माझ्यासाठी तेच मोठं आहे. फ्लूचा व्हायरस बदलत राहतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाची लस वेगळी, ती तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

सी-५०१ काका: खोली किती गरम ठेवायची?

बी-२०३ ताई: डब्ल्यूएचओ निदान १८ अंश म्हणते, म्हाताऱ्यांना आणि लहान बाळांना थोडं जास्त लागू शकतं. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, म्हणून हार्ट अटॅक आणि स्ट्रोकही याच दिवसांत वाढतात. पण कृपा करून बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपेतच माणूस जातो.

ए-३०४ काकू: मी एकटी असते. मला सगळ्यात भीती वाटते ती कुणाला कळणारच नाही याची.

सेक्रेटरी: काकू, ते नाही होऊ द्यायचं. एकट्या राहणाऱ्यांना रोज सकाळी एक फोन, असं विंगप्रमाणे वाटून घेऊया का?

बी-२०३ ताई: नक्की करूया. फक्त कुणाला काय आजार आहे ते ग्रुपवर टाकू नका, यादी दोघा-तिघांकडेच राहू दे आणि त्या माणसाला विचारूनच नाव घ्या. फोन करणारा स्वतः आजारी पडला तर दुसरा कोण हेही आधीच लिहून ठेवा, नेहमी तिथेच गाडी अडते.

डी-४०४ दादा: डी विंगचं मी बघतो. वॉकर आणि व्हीलचेअर आमच्याकडे पडून आहे, ज्यांना लागेल त्यांनी हक्काने मागा.

ए-१०२ वहिनी: ए विंग मी. काकू, उद्या सकाळी पहिला फोन तुम्हालाच.

सेक्रेटरी: बी आणि सी साठी प्रत्येकी एक नाव हवंय, रविवारच्या मीटिंगच्या आधी मला पर्सनलवर कळवा.